मोरीचे पाणी परसबागेत नेताना : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की मोरीचे आणि न्हाणीचे पाणी घरच्या घरी गाळून झाडांना देता येईल का, असे विचारणारी पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदाची पत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की बहुतेकांनी आधीच काही ना काही करून पाहिले आहे आणि ते महिन्या-दोन महिन्यांत बंद पडले आहे. त्यामुळे यावेळचे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे. सांडपाणी म्हणजे येथे अंघोळीचे, कपड्यांचे आणि भांड्यांचे पाणी एवढेच धरले आहे. शौचालयाचे मैलापाणी त्यात येत नाही, आणि तान्ह्या मुलाचे लंगोट किंवा आजारी माणसाचे कपडे धुतलेले पाणीही मैलापाण्यातच जमा करावे. प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर जल जीवन मिशनमध्ये दरडोई रोज 55 लिटर पाण्याचा हिशेब धरलेला आहे. त्यातले साधारण दोन तृतीयांश पाणी वापरून झाल्यावर मोरीतून बाहेर पडते. पाच माणसांच्या घरातून रोज 180 ते 200 लिटर सांडपाणी निघते, असे मानून पुढची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी 200 लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात तळाशी खडी, त्यावर बारीक वाळू, त्यावर लाकडी कोळसा आणि सर्वांत वर काथ्या असे थर भरून गाळणी केली. पहिले दहा दिवस पाणी इतके नितळ येत होते की शेजारीपाजारी पाहायला आले. तीन आठवड्यांनी वरती काळे पाणी तुंबले आणि कुजका वास सुटला. वाळू दोनदा धुऊन भरली, तरी तेच झाले. माझे कुठे चुकते आहे? (एक वाचक, बारामती तालुका)

उत्तर : थर लावण्यात आपली फारशी चूक नाही. चूक आहे ती वाळूकडून आपण जी अपेक्षा ठेवली तिच्यात, आणि ती जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसते म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

चहाच्या गाळणीत चोथा अडकतो, तसा वाळूत मळ अडकतो आणि पाणी स्वच्छ होते, असे आपण समजतो. पहिल्या काही दिवसांत होते तेही तेवढेच. परंतु सांडपाण्यातली खरी घाण, म्हणजे विरघळलेला साबण, अंगाचा मळ, भाताची पेज, तेलाचे सूक्ष्म थेंब, ही वाळूच्या फटींपेक्षा कितीतरी बारीक असते आणि नुसत्या अडकण्याने ती निघत नाही. ती खाऊन टाकणारे जिवाणू खडीच्या आणि वाळूच्या प्रत्येक कणावर वस्ती करतात, त्यांचा एक पातळ बुळबुळीत थर तयार होतो आणि पाणी त्या थराला घासून जाताना स्वच्छ होते. माझ्या परसातल्या खडीच्या वाफ्यातला एखादा खडा उचलला तर तो बोटांना किंचित चिकट लागतो, त्यावर तपकिरी लेप असतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. हा लेप म्हणजेच आपली गाळणी होय. विरजण लागायला जसा वेळ द्यावा लागतो तसा तो तयार व्हायलाही दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास आपण वाळू काढून खळखळून धुतलीत, तीही दोनदा.

या जिवाणूंना जगण्यासाठी हवा लागते. पिंप पाण्याने गच्च भरून राहिले की हवा संपते, हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि त्यांच्या जागी हवेवाचून जगणारे दुसरे जिवाणू येतात. कुजक्या अंड्यासारखा जो वास आपल्याला आला तो त्यांच्या कामाचा वास. वास सुटला म्हणजे घाण जास्त झाली असा अर्थ काढून आपण वाळू वाढवतो, आणि वाळू वाढवली की हवा आणखी कमी होते.

दुसरा भाग साध्या हिशेबाचा आहे. 200 लिटरच्या पिंपाचे तोंड साधारण 57 सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्यातल्या वाळूचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर भरते. घरगुती सांडपाण्यासाठी वाळूचा थर न तुंबता चालवायचा असेल तर एका चौरस मीटरवर दिवसाला 100 ते 150 लिटरपेक्षा अधिक पाणी टाकू नये. या मापाने आपले पिंप रोज 25 ते 40 लिटर पाणी पेलू शकते, आणि आपण त्यात घरचे सगळे 200 लिटर ओतत होतात. वाळू बारीक होती, त्यामुळे ते आणखी लवकर तुंबले. बाजारात आता नदीच्या वाळूऐवजी बहुधा दगड फोडून केलेली वाळू मिळते, तिच्यात पिठासारखी भुकटी फार असते. एका काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा वाळू आणि वर पाणी भरून जोरात हलवावे व तासभर ठेवावे. वाळूवर चिखलाची जाड साय बसली तर ती वाळू पाणी निवळ येईपर्यंत धुतल्याशिवाय वापरू नये.

तिसरी गोष्ट मी स्वतःही पहिल्या खेपेला टाळली होती आणि तिची किंमत मोजली. स्वयंपाकघरातल्या मोरीचे पाणी थेट गाळणीत घेऊ नये. घरातल्या सांडपाण्यात ते प्रमाणाने थोडे असते, पण त्यातले तेल आणि अन्नकण हेच गाळणी तुंबवतात. माझी पहिली गाळणी उघडली तेव्हा वरच्या थरात पांढुरक्या मेणासारखा लगदा मिळाला. बोअरच्या जड पाण्यातला चुना, साबण आणि तूप-तेल यांचे ते मिश्रण होते. त्यासाठी आधी 40-50 लिटरचा झाकणाचा डबा ठेवावा आणि त्यातून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीखाली बरेच खोल बुडालेले ठेवावे, म्हणजे तवंग वर राहतो, गाळ तळाशी बसतो आणि मधले पाणी पुढे जाते. आठवड्यातून एकदा तवंग काढून वाळलेल्या पाल्यात मिसळून खतखड्ड्यात टाकावा. भांडी घासण्याआधी ताटातले खरकटे आणि कढईतले तेल कागदाने पुसून घेतले तर हे काम निम्म्यावर येते.

आता आपल्या पिंपाचे काय करावे? ते फेकू नका, त्याला पहिल्या टप्प्याचे काम द्या. वाळू काढून त्यात तळाशी 40 मिलिमीटरची आणि वर 10 ते 20 मिलिमीटरची धुतलेली खडी किंवा विटांचे तुकडे भरा, सर्वांत वर काथ्याचा वीतभर थर ठेवा, आणि पाणी बाहेर पडण्याची तोटी अगदी तळाशी घ्या, म्हणजे पाणी झिरपून गेल्यावर पिंप रिकामे होऊन आत हवा शिरेल. शक्य असल्यास अशी दोन पिंपे ठेवून एक आठवडा एक आणि पुढचा आठवडा दुसरे वापरावे. विश्रांतीच्या आठवड्यात जिवाणू साठलेला मळ खाऊन संपवतात आणि तुंबलेला थर पुन्हा मोकळा होतो; धुण्यापेक्षा ही विश्रांती जास्त उपयोगी पडते. काथ्याचे पाणी पहिले काही दिवस चहासारखे तांबूस येते, त्याची काळजी करू नये. काथ्या दर तीन-चार महिन्यांनी बदलून जुना खतात घालावा. कोळशाबद्दल सांगायचे तर चुलीतला कोळसा रंग आणि वास काही दिवस शोषतो, मग भरून जातो आणि त्यापुढे तो फक्त जिवाणूंना बसायला जागा देतो. वापरायचाच असेल तर त्याची राख पूर्ण धुऊन घ्यावी.

पिंपातून निघालेले पाणी खडीच्या वाफ्यात सोडावे. पाच माणसांच्या घराला 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल वाफा पुरतो. तळ विटांनी बांधून गिलावा करावा किंवा जाड प्लास्टिक अंथरावे, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे 3 सेंटिमीटर उतार द्यावा. दोन्ही टोकांना हातभर लांबीत मुठीएवढे दगड आणि मधे 10 ते 20 मिलिमीटरची खडी भरावी. बाहेर पडणारी नळी तळातून घेऊन तिला वर वळवलेला एल्बो लावावा आणि त्याचे तोंड खडीच्या माथ्यापेक्षा 10 सेंटिमीटर खाली ठेवावे. पाणी खडीच्या आत राहते, वर दिसत नाही, त्यामुळे डासांना अंडी घालायला जागाच मिळत नाही. अशा वाफ्यातल्या खडीच्या फटींत सुमारे 570 लिटर पाणी मावते, म्हणजे आपल्या घरचे पाणी त्यात जवळपास पावणेतीन दिवस राहते, आणि एवढा वेळ जिवाणूंना पुरेसा होतो. त्यात कर्दळ, अळू, वाळा किंवा पाणकणीस लावावे. झाडे मुळांवाटे थोडी हवा आत नेतात आणि खडी मोकळी ठेवतात, मात्र घाण खाण्याचे मुख्य काम खडीवरच्या लेपाचेच असते. जलपर्णी मात्र काही झाले तरी लावू नये. पवना आणि पंचगंगेवर तिचे गालिचे आपण पाहतो आहोतच, आणि परसातून ओढ्यात जायला तिला एक पाऊस पुरतो.

प्रश्न : 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हापासून पाणी वाया जाताना पाहवत नाही. मी अंगणात चार फुटी शोषखड्डा दगडांनी भरून केला, पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो पाणी घेतच नाही. उरलेले पाणी लिंबाला देते, तर त्याच्या पानांच्या कडा करपू लागल्या आहेत आणि आळ्यातली माती सिमेंटसारखी झाली आहे. (एक गृहिणी, लातूर)

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे. आपली जमीन काळी आहे. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातल्या फटी मिटतात, त्यामुळे तिचा निचरा मुळातच मंद असतो. त्यात साबणाचे पाणी पडले की आणखी एक गोष्ट घडते. अंगाचा साबण आणि कपड्यांची पावडर या दोन्हींत सोडियम असते, पावडरीत तर धुण्याचा सोडा भरपूर असतो. मातीचे बारीक कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून ढेकळांच्या रूपात राहतात. सोडियम तेथे शिरले की ही पकड सुटते, कण सुटे होऊन फटींमध्ये बसतात आणि माती वाळल्यावर टणक होते. खड्ड्याच्या भिंतीही याच रीतीने लिंपल्या गेल्या आणि लिंबाच्या आळ्यातही हेच झाले. पानांच्या कडा करपणे हे क्षार साठल्याचे नेहमीचे लक्षण आहे आणि लिंबूवर्गीय झाडे क्षारांना लवकर बळी पडतात.

शोषखड्ड्याची कल्पना चांगली आहे, हे आवर्जून सांगतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि त्यांबरोबर डास हटवले आणि त्या कामाची दखल राज्याबाहेरही घेतली गेली. त्या खड्ड्यात मधोमध छिद्रे पाडलेली टाकी असते, गाळ त्या टाकीत राहतो आणि पाणी छिद्रांवाटे भोवतालच्या दगडांत जाते, म्हणून तो गाळाने चटकन भरत नाही. टाकी उघडून गाळ काढता येतो. आपल्या खड्ड्यात ही टाकी नव्हती. तरीही कोणताही खड्डा करण्याआधी मातीची परीक्षा घ्यावीच. ज्या खोलीवर पाणी मुरवायचे तेथे एक फूट लांब-रुंद छोटा खळगा घ्यावा, आदल्या दिवशी त्यात पाणी भरून माती पूर्ण भिजू द्यावी, दुसऱ्या दिवशी वीतभर पाणी भरून पट्टी उभी करावी आणि घड्याळ लावून बसावे. पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला एका तासाहून अधिक वेळ लागला तर तेथे शोषखड्डा चालणार नाही. आपल्याकडे काळ्या मातीचा थर चार-पाच फुटांवर संपून मुरूम लागत असेल तर मुरमात ही परीक्षा पुन्हा करून पाहा. कित्येक घरांना तेवढ्यानेच मार्ग सापडतो.

मुरूम लागत नसेल तर पाणी खाली मुरवण्याचा नाद सोडून ते झाडांकरवी वर उडवावे. वरच्या उत्तरात दिलेला खडीचा वाफा तळ बांधून करावा, आणि त्यातून निघालेले पाणी लिंबाऐवजी केळी, कर्दळ, हत्तीगवत अशा अधाशी झाडांच्या लांबट, उथळ चरात फिरते सोडावे. एकाच आळ्यात रोज पाणी न देता तीन-चार आळी करून आळीपाळीने द्यावे. चरात पालापाचोळा, तुरीच्या काड्या, सोयाबीनचा भुसा यांचे जाड आच्छादन ठेवावे आणि पाणी त्या आच्छादनाखाली सोडावे.

बिघडलेली माती सुधारते. शेतीसेवा केंद्रात मिळणारे जिप्सम मातीत मिसळले की त्यातले कॅल्शियम सोडियमला बाजूला सारते, आणि नंतरच्या पावसाच्या किंवा साध्या पाण्याने ते सोडियम धुऊन निघते. पुढे जिप्सम लागू नये असे वाटत असेल तर घरात येणाऱ्या साबणाकडे लक्ष द्यावे. धुण्याचा सोडा वेगळा वापरत असाल तर तो बंद करावा. पावडरीपेक्षा द्रवरूप साबणात सोडियम बहुधा कमी असते. आणि डोक्याला शिकेकाई-रिठा वापरणाऱ्या घरांचे पाणी मातीसाठी केव्हाही सौम्य. ब्लीच, फिनेल आणि फरशीचे ॲसिड ज्या दिवशी वापराल त्या दिवशीचे पाणी गटारातच जाऊ द्या, कारण जंतू मारण्यासाठी केलेली ही द्रव्ये आपल्या खडीवरच्या जिवाणूंनाही सोडत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे आजेसासूबाईंच्या काळापासून न्हाणीचे पाणी पाटाने माडाच्या आळ्यात जाते आणि माड उत्तम आहेत. आता पुण्याहून आलेला भाचा म्हणतो की हे घाणेरडे आहे, फिल्टर बसवा. विहीर त्या आळ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आहे. काय करावे? (एक वाचक, राजापूर तालुका)

उत्तर : माडाचे आळे हीच आपली गाळणी आहे, आणि ती कित्येक विकतच्या साधनांपेक्षा सरस आहे. नारळाची सोडणे, म्हणजे काथ्याची बाहेरची साले, पोकळ बाजू वर करून आळ्यात पसरावीत, त्यावर झावळ्या टाकाव्यात आणि पाणी त्यांच्याखाली सोडावे, एवढी सुधारणा पुरे. सोडणे पाणी धरून ठेवतात, हळूहळू सोडतात आणि दोन-तीन वर्षांत कुजून खत होतात.

भाच्याच्या म्हणण्यातला खरा भाग विहिरीचा आहे. आजेसासूबाईंच्या वेळी माणशी एक घंगाळ पाणी लागत असे, आता नळ आणि कपड्यांचे यंत्र आले, पाणी कितीतरी पटींनी वाढले. जांभ्या दगडात पोकळ्या आणि भेगा असतात, त्यांतून पाणी माती न लागता थेट विहिरीपर्यंत पोहोचू शकते. सांडपाणी मुरण्याची जागा विहिरीपासून किमान 15 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावी, हा सर्वसाधारण नियम; जांभ्यात याहून अधिक अंतर ठेवता आले तर ठेवावे. आपले आळे विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर अंतर किती हे न पाहता पाट दुसरीकडे वळवा. पावसाळ्यात जमीन आधीच तुडुंब असते, त्या चार महिन्यांत सर्व पाणी एकाच माडाला न देता चार-पाच माडांत वाटून द्यावे. विहिरीच्या पाण्याची जिवाणू-तपासणी वर्षातून दोनदा, एकदा पावसाआधी आणि एकदा नंतर, करून घ्यावी. त्यासाठीचे तपासणी संच ग्रामपंचायतींना दिलेले असतात.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत 100 मुले आहेत. सकाळी अंघोळीचे पाणी मैदानावर पसरते आणि दिवसभर चिखल राहतो, दुसरीकडे शौचालयात टाकायला पाणी नसते. नैसर्गिक गाळणीने हे जमेल का? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : जमेल, आणि आपल्या शेजारच्याच मुलखात ते झालेले आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांमध्ये अंघोळीचे पाणी गाळून शौचालयासाठी आणि बागेसाठी वापरण्याची व्यवस्था उभी केली होती, आणि 2007 साली तिची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. गाळ बसवणे, खडी आणि वाळू यांच्या थरांतून पाणी नेणे आणि शेवटी क्लोरिन देणे, असे तिचे साधे टप्पे होते.

आपल्यासमोरची खरी अडचण वेळेची आहे. प्रत्येक मुलामागे 20 लिटर धरले तरी 2,000 लिटर पाणी सकाळच्या एका तासात येते आणि मग दिवसभर काही येत नाही. खडीचा वाफा असा लोंढा पेलत नाही. पाणी वरून वाहून जाते आणि खाली लेप उपाशी राहतो. म्हणून आधी 2,000 लिटरची साठवण टाकी बांधावी आणि तिच्या तळाजवळच्या लहान तोटीतून पाणी दिवसभर बारीक धारेने वाफ्यात जाऊ द्यावे. ही टाकी रोज रिकामी झालीच पाहिजे, कारण सांडपाणी एक दिवसाहून अधिक साठले की ते सडू लागते. वरच्याएवढ्याच खोलीच्या वाफ्यात पाणी दोन दिवस राहावे असे धरल्यास सुमारे 21 चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे 7 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद. शौचालयात वापरण्याआधी पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून किमान अर्धा तास जाऊ द्यावा. ही पावडर वाफ्यातून बाहेर आलेल्या पाण्यात घालायची, वाफ्यात कधीही नाही.

एक विनंती मात्र मनापासून करतो. जाळी आणि गाळ साफ करण्याचे काम कोणाचे, कोणत्या वारी आणि त्याचे पैसे कुठून, हे बांधकामाआधी लिहून ठेवा. चांगल्या बांधलेल्या वाफ्यांवर नंतर रान माजलेले मी पाहिले आहे, आणि प्रत्येक ठिकाणी कारण एकच होते, ते म्हणजे पाच मिनिटांचे काम कोणाच्याच वाट्याला दिलेले नव्हते. मुलांना झाडांची निगा जरूर शिकवावी, पण गाळ त्यांच्या हाताने काढवू नये.

प्रश्न : डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत वाळू-कोळशाची छोटी गाळणी करून वॉशिंग मशीनचे पाणी आणि आरओचे वाया जाणारे पाणी कुंड्यांना देता येईल का?

उत्तर : गाळणी करू नका. कुंडीतली माती मूठभर असते आणि साबणातले सोडियम तेथून कुठेच जात नाही. मशीनचे शेवटच्या खळबळीचे पाणी बादलीत धरून त्याच दिवशी शौचालयात वापरावे, त्याला गाळायची गरजच नाही. आरओच्या पाण्यात घाण नसते, विरघळलेले क्षार असतात. ते वाळू, कोळसा, काथ्या कशानेही निघत नाहीत. ते फरशी पुसायला आणि भांड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरावे. हे काम आपली सोसायटी एकत्र येऊन करणार असेल आणि इमारतीभोवती जमीन असेल, तर वरचा वाफा सगळ्यांचा मिळून होऊ शकतो.

प्रश्न : निवळीच्या बिया, शेवग्याच्या बिया किंवा तुळस-कडुलिंबाचा पाला टाकून सांडपाणी शुद्ध होते का? (तीन वाचकांनी विचारलेला प्रश्न)

उत्तर : निवळीची बी उगाळून गढूळ पाण्यात घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे. निवळीत आणि शेवग्याच्या बियांत असे घटक असतात की ज्यांमुळे पाण्यातले मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि साका तळाशी बसतो. पावसाळी नदीच्या गढूळ पाण्यासाठी ही रीत योजलेली आहे. सांडपाण्यातला साबण विरघळलेला असतो, तो बियांनी खाली बसत नाही, उलट बियांच्या पिठामुळे पाण्यात कुजणारा माल आणखी वाढतो. तुळस आणि कडुलिंब टाकल्याने वास काही वेळ झाकला जातो, यापलीकडे काही होत नाही. आपल्या परंपरेतल्या वस्तूंबद्दल मला आदर आहे, म्हणूनच प्रत्येक वस्तू ज्या कामासाठी होती त्याच कामाला लावावी असे वाटते.

प्रश्न : आमचा खडीचा वाफा सहा महिने चालू आहे. पाणी स्वच्छ दिसते. ते खरोखर स्वच्छ आहे हे प्रयोगशाळेत न जाता कसे ओळखावे, आणि भाजीला देता येईल का? (एक वाचक, सांगोला तालुका)

उत्तर : वाफ्यातून बाहेर येणाऱ्या पाण्याने एक पारदर्शक बाटली काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि ती घरात सावलीत पाच दिवस ठेवा. पाण्यात खाण्याजोगी घाण शिल्लक असेल तर जिवाणू ती खाताना बाटलीतली सगळी हवा संपवतात आणि पाणी काळपट होऊन त्याला वास येतो. पाचव्या दिवशी बूच उघडल्यावर पाण्याला काहीही वास आला नाही आणि रंग तसाच राहिला, तर आपला वाफा नीट काम करतो आहे. त्याच दिवशी वाफ्यात शिरणाऱ्या पाण्याचीही एक बाटली शेजारी ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. ही परीक्षा दर महिन्याला घ्यावी आणि घरी पाहुणे येऊन गेल्यावर किंवा दिवाळीच्या फराळाच्या दिवसांनंतर मुद्दाम घ्यावी, कारण तेव्हा वाफ्यावर नेहमीपेक्षा बराच अधिक भार पडलेला असतो.

भाजीबाबत मात्र बाटलीची साक्ष पुरेशी नाही. अंघोळीच्या पाण्यात आतड्यातले जंतू थोड्या प्रमाणात असतातच, खडीचा वाफा ते पुष्कळ कमी करतो, पण पूर्ण काढत नाही. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर, कांदापात अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीला टेकणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. केळी, शेवगा, पपई, नारळ, मांडवावर चढवलेला दुधी आणि दोडका यांना ते मुळाशी, आच्छादनाखाली द्यावे, झारीने किंवा पाइपने पानांवर उडवू नये. फळ तोडण्याआधी आठवडाभर साधे पाणी देता आले तर अधिक चांगले. सांगोल्यात उन्हाळ्यात तेवढे साधे पाणी मिळणे अवघड आहे हे मी जाणतो; अशा वेळी फळे निदान वाहत्या पाण्याखाली धुऊन आणि शिजवूनच खावीत.